तालीम, जाते आणि हक्काची वेळ : महाराष्ट्रातील स्त्री-पुरुषांच्या शरीरश्रमाचा इतिहास

महाराष्ट्रात शरीर कमावण्याच्या परंपरेचा इतिहास सांगितला जातो तेव्हा तो बहुधा तालमीपासून सुरू होतो आणि तालमीतच संपतो. तांबड्या मातीचा हौदा, त्याच्या कडेला मारुतीची मूर्ती, पहाटेचे जोर आणि बैठका, वस्तादाची शिस्त आणि जत्रेतील कुस्त्यांचा फड या साऱ्यांच्या नोंदी ग्रंथांत, संस्थानी कागदपत्रांत आणि लोकांच्या आठवणींत विपुल सापडतात. त्याच गावांतील स्त्रिया त्याच पहाटे जाते ओढत होत्या, विहिरीवरून पाणी आणत होत्या, शेतात खुरपणी करत होत्या आणि श्रावणातल्या रात्री फुगड्या घालत होत्या. परंतु त्यांच्या या हालचालीला व्यायामाच्या इतिहासात क्वचितच जागा मिळाली. पुरुषांची हालचाल ही साधना आणि स्त्रियांची हालचाल हे काम किंवा हौस, अशी ही विभागणी शतकानुशतके इतकी अंगवळणी पडली की ती निसर्गानेच घालून दिली आहे असे वाटू लागले. तिचा इतिहास बारकाईने पाहिला, तर तिच्या मुळाशी शरीररचनेपेक्षा वेळ, जागा आणि अन्न या तीन गोष्टींचे विषम वाटप होते असे आढळते.

शरीररचनेतील भेद खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. वयात आल्यानंतर पुरुषाच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण सरासरीने अधिक असते, रक्तातील हिमोग्लोबिनही सामान्यतः अधिक असते. स्त्रीच्या शरीराला मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण आणि पाळी थांबल्यानंतर होणारी हाडांची झीज या अवस्थांतून जावे लागते. या भेदांमुळे व्यायामाचा प्रकार आणि प्रमाण बदलू शकते, पण व्यायामाची गरज कोणत्याही बाजूने कमी होत नाही. हाडांच्या झिजेचा विचार केला तर स्त्रीला ती अधिकच भासते. स्त्री आणि पुरुष यांच्यातील कोणते अंतर निसर्गाचे आणि कोणते समाजाने निर्माण केलेले, हा प्रश्न मराठीत फार लवकर विचारला गेला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला आणि जे दोष केवळ स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांतही आहेत, हे निर्भीडपणे दाखवून दिले. त्यांचा रोख नीतीच्या दुटप्पी मापांवर होता, परंतु तुलनेची तीच रीत शरीराच्या बाबतीत लावली तर इतिहासातील बरेच काही उलगडते.

पुरुषांच्या व्यायामाला राजाश्रय मिळाल्याचा पुरावा जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांनी करावयाचे निरनिराळे श्रम यांचे वर्णन येते. खांबावर करावयाच्या ‘स्तंभश्रमा’चाही त्यांत समावेश असून मल्लखांबाचा जुना उल्लेख म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. मल्लाचा आहार ठरलेला, त्याच्या सरावाची वेळ ठरलेली आणि या दोहोंचा भार राजाच्या कोठारावर, ही व्यवस्था येथे पूर्ण रूपात दिसते. पुढे गावोगावच्या तालमींनी, म्हणजे कुस्ती व इतर कसरती शिकवणाऱ्या व्यायामगृहांनी, तीच व्यवस्था लहान प्रमाणावर चालवली. तालमीचा प्रमुख तो वस्ताद, दूध, तूप व बदाम यांचा पौष्टिक आहार तो खुराक, आणि जोर, बैठका व लढती मिळून होणारा सराव ती मेहनत, अशी तिची स्वतःची परिभाषा तयार झाली. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांनी चालवलेल्या तालमीत जोतीराव फुले यांनी दांडपट्ट्याचे व नेमबाजीचे शिक्षण घेतले होते, यावरून तालीम ही केवळ दरबारी चैन नव्हती, जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या समाजांनीही तिच्यातून आत्मविश्वास मिळवला, हे लक्षात येते. मात्र ब्रह्मचर्याच्या कल्पनेशी आणि मारुतीच्या उपासनेशी जोडली गेल्यामुळे तालमीची पायरी स्त्रीला सर्वसाधारणपणे बंदच राहिली.

या नियमाला असलेला सर्वांत प्रसिद्ध अपवाद तपासून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे जीवन दिले आणि ती विद्या पेशव्यांबरोबर ब्रह्मावर्तापर्यंत, म्हणजे बिठूरपर्यंत, गेली. मनुबाई तांबे, म्हणजे पुढे झाशीच्या राणी झालेल्या लक्ष्मीबाई, याच परिसरात वाढल्या. १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या आपल्या वृत्तांतात राणीच्या दिनक्रमाचे वर्णन केले आहे. पहाटे उठून मल्लखांब करणे, त्यानंतर घोड्यावर बसणे आणि मग खुराक घेऊन स्नानाला जाणे, असा तो क्रम होता. स्त्रीचे शरीर मल्लखांबाला असमर्थ आहे हा समज खोडून काढण्यास हा एकच दाखला पुरेसा आहे. तथापि राणीपाशी वाडा होता, सेवक होते, आणि पहाटेच्या वेळी दळण-कांडणासाठी तिला कोणी हाक मारणार नव्हते. तिच्या शौर्याचे गुणगान पिढ्यानपिढ्या झाले, परंतु तिला लाभलेली मोकळी पहाट सामान्य स्त्रीला कशी मिळेल, याचा विचार त्या गुणगानात क्वचितच झाला.

पुरुषांच्या बाबतीत मात्र व्यवस्था अधिकाधिक भक्कम होत गेली. १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूरची गादी सांभाळणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली पूर्ण झालेल्या खासबाग मैदानाच्या रूपाने कुस्तीला कायमचे घर दिले. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, जो पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांनी आपले गुरू जुम्मादादा यांची परंपरा पुढे नेऊन सांघिक व्यायामाला शिस्तबद्ध रूप दिले आणि तेथूनच आबासाहेब मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघाले. परकीय सत्तेखाली खचलेल्या समाजाने बलोपासनेतून आत्मसन्मान परत मिळवावा, अशी या साऱ्या खटाटोपामागची प्रेरणा होती, आणि ती उदात्त होती. पण बलवान होणारा समाज म्हणजे बलवान पुरुष, हे समीकरण तिच्यात बराच काळ गृहीत धरलेले होते.

स्त्रियांच्या शरीरश्रमाचा सर्वांत मोठा वाटा जात्याकडे जाई. एकावर एक ठेवलेल्या दोन गोल दगडांपैकी वरचा दगड लाकडी खुंट्याला धरून फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने मधल्या तोंडात मूठमूठ दाणे, म्हणजे वैरण, घालत राहायचे, हे काम घरातील माणसे उठण्यापूर्वी, बहुधा पहाटेच्या अंधारात केले जाई. जात्याला टाकी लावून ते खरखरीत केलेले असले तरी ज्वारी किंवा बाजरी दळताना खांदे, पाठ, कंबर आणि मनगट यांच्यावर सतत ताण येत असे; दळण अधिक असेल तर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत. या एकसुरी श्रमाला ओव्यांनी लय दिली आणि दळणारीच्या मनातील माहेर, भाऊ, लेक, देव व सासुरवास यांना वाट मिळाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्यावरून या पहाटेच्या श्रमाचा विस्तार किती होता याची कल्पना येते. पहाटेचा जो प्रहर तालमीत पुरुषाच्या देहसाधनेला दिला जात होता, तोच प्रहर घरात स्त्रीच्या हातून कुटुंबाच्या भाकरीसाठी खर्ची पडत होता.

जात्यावरचे श्रम हाच स्त्रियांचा व्यायाम होता आणि यंत्रे आल्यामुळे त्यांचे आरोग्य बिघडले, असे अनेकदा ऐकू येते. हे मत अर्धेच खरे आहे. व्यायामात शरीराचे सर्व भाग क्रमाने हलवले जातात, थकवा आल्यावर थांबता येते, त्यानंतर विश्रांती आणि पुरेसे अन्न मिळते, आणि त्या क्रमानेच शक्ती वाढते. कष्टाच्या कामात एकाच भागावर पुनःपुन्हा भार पडतो, थांबणे काम संपण्यावर अवलंबून असते आणि गर्भारपणातही सुटका मिळेलच असे नसते. मल्लाच्या मेहनतीमागे खुराक होता. दळणारी मात्र सर्वांची पाने उठल्यावर उरलेले अन्न घेऊन जेवायला बसे. या वाटपाची छाया आजही पुसलेली नाही : २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तर त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. पाळीमुळे होणारा रक्तस्राव हे या अंतराचे एक नैसर्गिक कारण असले, तरी पानात काय आणि किती पडते हा प्रश्न त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

खऱ्या अर्थाने व्यायाम म्हणावा अशी हालचाल स्त्रियांना सणांनी दिली. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी पुजल्या जाणाऱ्या मंगळागौरीत पूजेनंतर रात्रभर जागरण असे आणि त्या जागरणात फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गोफ, सूप नाचवणे असे कितीतरी खेळ खेळले जात. दोघींनी हात गुंफून, तोल मागे टाकून गरागरा फिरण्याच्या साध्या फुगडीपासून उकिडवे बसून उड्या मारण्याच्या खेळांपर्यंत त्यांत दमसास, तोल, लवचीकपणा आणि मांड्यांची ताकद या सगळ्यांची कसोटी लागे. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे या हालचालींना अनुकूल होते. मंगळागौर मुख्यतः ब्राह्मण व इतर वरच्या जातींच्या घरांत होई, परंतु नागपंचमीचे झोके आणि फुगड्या, आश्विनातला भोंडला किंवा हादगा, विदर्भ-खानदेशातील भुलाबाई आणि गोव्यात पौष महिन्यात मांडावर रंगणारा धालो यांनी हे सुख बऱ्याच समाजांतील स्त्रियांपर्यंत पोहोचवले. या खेळांची मर्यादा एवढीच की ते पंचांगाने बांधलेले होते : वर्षातील काही दिवस शरीर मोकळे होई, उरलेले दिवस पुन्हा कामाचे. स्त्री-पुरुष एकाच वाटेने, एकाच चालीने जातात असा जुना प्रसंग म्हणजे पंढरीची वारी. देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या पायी वाटचालीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली स्त्री आणि खांद्यावर पताका घेतलेला पुरुष एकाच दिंडीत असतात आणि विसाव्याच्या ठिकाणी दोघेही फुगडी घालतात. मात्र घरचा प्रपंच दुसऱ्या कोणी सांभाळल्याखेरीज वारकरी स्त्रीला वाटेला लागता येत नाही, हेही तितकेच खरे.

औद्योगिक काळाने या विभागणीला नवे रूप दिले. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि देशावरून आलेल्या पुरुषांनी चाळींच्या आसऱ्याने तालमी व व्यायामशाळा उभ्या केल्या आणि मोकळ्या जागेत कबड्डीचे संघ जमवले. कारखाने कायद्यांनी कामाचे तास जसजसे कमी केले तसतसा या उपक्रमांना अवकाश मिळत गेला. १९२२च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली, १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ती ५४ तासांवर आणली आणि १९४८च्या कायद्याने ४८ तासांवर. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना तर १८९१च्याच कायद्याने दिवसाला ११ तासांची मर्यादा मिळाली होती. परंतु कायद्याने गिरणीतून सोडवलेला वेळ पुरुषाच्या हाती संध्याकाळ म्हणून आला आणि स्त्रीच्या हाती चूल, नळावरचे पाणी व मुलांचे संगोपन म्हणून आला. समान काळ मोकळा झाला तरी त्याचा मालक समान नव्हता, हे गिरणगावच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके अन्यत्र क्वचितच होते.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मोठा प्रयत्न औंध संस्थानात झाला. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तारुण्यात युजेन सँडो या युरोपीय बलोपासकाच्या पद्धतीने व्यायाम केला होता. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याच्या प्रसाराला त्यांनी उरलेले आयुष्य दिले. ठरावीक क्रमाने वाकणे, पाय मागे नेणे, अंग जमिनीला टेकवणे आणि पुन्हा उभे राहणे अशा आसनांची ही साखळी पंतप्रतिनिधींनी शाळांत मुलामुलींसाठी रूढ केली, तिच्यावर पुस्तके लिहिली, आणि १९३८ साली लंडनहून निघालेल्या इंग्रजी पुस्तकातून ती परदेशी वाचकांसमोर ठेवली. त्यांच्या राणीसाहेब स्वतः नियमाने नमस्कार घालत आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा पंतप्रतिनिधींचा आग्रह होता. या व्यायामाला हौदा लागत नाही, साधने लागत नाहीत, जोडीदार लागत नाही आणि घराबाहेर जावे लागत नाही. देहाच्या लांबीएवढी जागा आणि थोडा वेळ एवढ्यावर भागते. स्त्रीच्या वाट्याला आलेल्या अडचणींपैकी जागेची आणि परवानगीची अडचण त्याने दूर केली, म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. वेळेची अडचण मात्र त्यानेही सुटली नाही.

घराबाहेर मैदानावर येण्याचा मार्ग संघटनांनी आणि खेळांनी खुला केला. १९३६ साली लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्याला स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीने स्त्रियांच्या शाखांत शारीरिक शिक्षण आणले, तर १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्या रूपात उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एकाच मैदानावर कवायतीला आणि खेळांना उभे केले. या दोन संघटनांच्या विचारसरणी परस्परविरोधी होत्या, तरीही मुलीने संध्याकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर पडून अंगमेहनत करावी, ही गोष्ट दोघींनी आपापल्या समाजघटकांत रुजवली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला आणि महिलांची त्यानंतरच्याच वर्षी कोल्हापूरला झाली. मल्लखांबात वेताच्या जागी सुती दोर आल्यावर दोरीचा मल्लखांब ही मुलींची खास विद्या बनली. कुस्तीने मात्र फार काळ घेतला. ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब १९६१ पासून पुरुष मल्लांना दिला जात होता; महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. या दोन तारखांमध्ये बासष्ट वर्षांचे अंतर आहे, आणि स्त्रियांच्या बाहूंत तेवढ्या काळात नवे बळ उतरले म्हणून ते संपलेले नाही. मैदान खुले झाले म्हणून संपले आहे.

दरम्यान रोजच्या जीवनातील हालचाल झपाट्याने बदलली. इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली, नळ आले, मिक्सर आणि गॅस आले, आणि पिढ्यांच्या पाठी मोडणारे कष्ट कमी झाले. ही सुटका इष्टच होती. परंतु जुन्या श्रमांबरोबर शरीराची हालचाल गेली, सणांचे खेळ अंगणातून रंगमंचावरच्या स्पर्धांकडे सरकले, आणि वाचलेला वेळ स्त्रीच्या हक्काचा झालाच नाही. तो मुलांचा अभ्यास, वृद्धांची शुश्रूषा, नोकरी आणि प्रवास यांनी व्यापला. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला मध्यम श्रमाचा किमान १५० मिनिटांचा व्यायाम हवा, म्हणजे दिवसाकाठी जेमतेम वीस-बावीस मिनिटे. घरकामाच्या वेळेतील अंतर दिवसाला दोनशे मिनिटांहून अधिक असताना स्त्रीला ही वीस मिनिटे सापडत नाहीत, याचे कारण तिच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे. पुरुषांचीही स्थिती समाधानकारक नाही. तालमीतली पहाट गेल्यावर बैठ्या नोकरीने त्यांनाही घेरले आहे.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. रोजच्या धबडग्यात टिकून राहिलेला प्रत्येक व्यायामप्रकार ठरलेली वेळ, ठरलेली जागा, बरोबरीची माणसे आणि पुरेसे अन्न यांच्या आधारावर टिकला. तालमीने हे चारही आधार पुरुषाला दिले. स्त्रीला मंगळागौरीने सोबत दिली पण वर्षातून काही रात्रीच, सूर्यनमस्काराने जागेचा प्रश्न सोडवला पण वेळेचा नाही, आणि क्रीडासंस्थांनी मैदान दिले ते मुख्यतः लग्नापूर्वीच्या वयापुरते. म्हणून स्त्रियांना व्यायामाचे महत्त्व पटवून देणाऱ्या उपदेशापेक्षा घरातील कामाची न्याय्य वाटणी हा आरोग्याचा अधिक मूलगामी उपाय आहे. गावातल्या व्यायामशाळेत स्त्रियांसाठी सोयीच्या वेळा ठेवणे, महिला मंडळांनी फुगडी-झिम्म्याला श्रावणापुरते न ठेवता आठवड्याच्या सरावात आणणे, शाळेतल्या मुलीचा खेळ दहावीनंतर सुटू न देणे, आणि सकाळचा स्वयंपाक घरातील पुरुषाने आळीपाळीने उचलणे, या गोष्टींना ना मोठा खर्च लागतो ना सरकारी फर्मान. मराठी समाजाने एकेकाळी आपल्या मुलांच्या शरीरासाठी गावोगाव तालमी बांधल्या. आता घरातील स्त्रीला दिवसातील अर्धा तास तिच्या हक्काचा मिळवून देणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे.